गांगुर्डे सरांचं काउंटर

आधीच सांगून टाकतो, या लेखात कुणी मरत नाही. असले लेख वाचायची सवय असलेला माणूस दुसऱ्या पानापासून रुमाल चाचपायला लागतो. त्याला वाटतं, आता या सरांना काहीतरी होणार, मग रिकामी खुर्ची येणार, मग हार घातलेला फोटो. तर तसलं काही नाही. सर ओझरला आपल्या घरी आहेत, तब्येत ठणठणीत आहे, आणि हा लेख त्यांना वाचून दाखवला तर पहिल्या ओळीलाच म्हणतील, "हं… थांबा. हे कुणाकुणाला वाचायला देणार आहात?"

सर म्हटल्यावर तुम्ही खडू-फळा धरून चालला असाल. तोही नाही. सर आमच्या ऑफिसात वेबसाइटींचा सर्व्हर सांभाळायचे. आता तुमच्या डोळ्यांसमोर अंधारी खोली, हिरवी अक्षरं आणि टोपीवाला पोरगा आला असेल. ते पण पुसा. पंचावन्न वय, अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, तिसरं पेन दोऱ्यानं टेबलाला बांधलेलं, आणि स्कूटरला दोन कुलपं. हे आमचे सिक्युरिटीवाले.

ऑफिस कॉलेज रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला. मालकीण वैशालीताई. खुर्च्या सहा. द्राक्षवाले, फुलांच्या नर्सऱ्या, क्लासेस, शाळा, वसतिगृहं, कुणाचीही साइट आम्ही बनवायचो आणि भाड्याच्या एका मशिनवर चढवायचो. ते मशिन दूर कुठंतरी एका होस्टिंग कंपनीचं. त्याच्यावर आमच्या साइटी, आणि आम्ही कधी तोंडही न पाहिलेल्या आणखी शंभर लोकांच्या साइटी.

सर हे असं समजवायचे: "वसतिगृहाची खोली आहे. एका खोलीत वीस पेट्या. खोली तुम्ही निवडलेली नाही. शेजारीण तुम्ही निवडलेली नाही. तुमच्या हातात काय आहे? पेटीचं कुलूप."

सर सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मला, झेरॉक्सवाल्याला, जिन्यात झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. "जरा सरका तुम्ही," असं कुत्र्याला म्हणायचे आणि तोही सरकायचा.

सर्व्हरच्या आधी सर अंबडच्या एका कारखान्यात टूल स्टोअरला होते. जाळीची खिडकी, खिडकीला काउंटर, आत खिळ्यांवर टांगलेले पाने. कामगाराला पाना हवा असला की त्यानं आपला पितळी बिल्ला द्यायचा. सर पाना काढणार, त्या रिकाम्या खिळ्यावर बिल्ला अडकवणार. त्याआधी मात्र एक वाक्य ठरलेलं: "नाव सांगा. पूर्ण." बिल्ल्यावर नाव कोरलेलं असलं तरी. एकदा म्हणे खुद्द मॅनेजर आला. "गांगुर्डे, मला ओळखत नाही का?" सर म्हणाले, "ओळखतो. नाव सांगा. पूर्ण." मॅनेजरनं बापाच्या नावासकट सांगितलं आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेला.

दुसरा नियम, संध्याकाळी काउंटर रिकामं पाहिजे. "काउंटर हे काउंटर आहे, कपाट नाही." एका संध्याकाळी एक बिल्ला खिळ्यावर तसाच राहिला. म्हणजे एक पाना बाहेर. बाकी कुणी असता तर म्हटला असता, सकाळी बघू. सर बिल्ल्यावरचं नाव वाचून स्कूटरवर थेट सिडकोत त्या फिटरच्या दारात. फिटर जेवायला बसलेला, पाना त्याच्याच पँटच्या खिशात. त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही. त्याची बायको म्हणाली, आलाच आहात तर दोन घास खा. सर म्हणाले, "हं… थांबा. नको. स्टोअर बंद करायचं राहिलंय." आणि पाना घेऊन परत अंबडला.

पुढं ते स्टोअर कॉम्प्युटरवर गेलं. सर त्या कॉम्प्युटरला घाबरले नाहीत. त्याला म्हणाले असतील, नाव सांगा, पूर्ण. रोज दोन तास क्लास लावून, घरी वह्या भरून माणूस पन्नाशीच्या आत-बाहेर सर्व्हर शिकला. तिथंही त्यांना तेच सापडलं. खिळे, बिल्ले आणि काउंटर.

ते थोडक्यात सांगावं लागेल, नाहीतर पुढं माझी काय चूक झाली ते कळणार नाही, आणि चूक लय भारी आहे.

सर्व्हरवर प्रत्येक फोल्डरला तीन आकडे असतात. पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटातल्यांचा, तिसरा उरलेल्या सगळ्या जगाचा. वाचायची परवानगी म्हणजे चार, लिहायची दोन, चालवायची एक. बेरीज सात. म्हणजे सात-पाच-पाच असेल तर मालकानं काहीही करावं, बाकीच्यांनी बघावं-चालवावं, लिहू मात्र नये. आणि सात-सात-सात म्हणजे कुणीही यावं, काहीही ठेवावं, काहीही उचलावं. साइट अडली की इंटरनेटवर जो तो हाच सल्ला देतो, सात-सात-सात करा, चालेल. चालतं पण. दार काढून टाकलं की दार अडकत नाही, तसं.

सर माणसांनाही हे आकडे द्यायचे. झेरॉक्सवाला सगळ्या गल्लीच्या बातम्या सगळ्या गल्लीला सांगायचा, त्याचं नाव सात-सात-सात. वैशालीताईंचा हिशेबनीस कुणाला काही सांगायचा नाही. त्याच्याबद्दल आदरानं म्हणायचे, "सातशे आहेत ते. सात, शून्य, शून्य."

स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा हेच. वहीत तीन रकाने होते. जेवणात काय आहे हे ज्यांनी फक्त बघायचं ते पाहुणे. ज्यांना बदल सुचवता येईल ते. आणि आचाऱ्याला प्रत्यक्ष सांगू शकतील अशी तीनच माणसं, सर, काकू आणि नवरी. सरांच्या मेहुण्यांनी परस्पर आचाऱ्याला जिलबी करायला सांगितली. आचारी म्हणाला, गांगुर्ड्यांना विचारा. मेहुणे मांडवात तोंड फुगवून बसले. सर त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "हं… थांबा. जिलबी चांगलीच कल्पना आहे. फक्त ती मला सांगायची, त्याला नाही." आणि जिलबी झाली. मेहुण्यांनीच सगळ्यात जास्त खाल्ली. हे मी डोळ्यांनी पाहिलं, कारण मी त्यांच्या शेजारच्या पंगतीत होतो.

आता माझं. मी सटाण्याचा. शाळेत मी हेडमास्तरांच्या आवाजात माइकवरून अर्धी सुट्टी जाहीर केली होती, अर्धी शाळा घरी पोचल्यावर सापडलो. तेव्हापासून आवाज काढायचं व्यसन. सरांचा आवाज तर काय, आयतं गिऱ्हाईक. जुन्या लोखंडी कपाटाचं दार उघडावं तसा. आधी "हं", मग इतका मोठा गॅप की समोरच्याला वाटावं फोन कट झाला, मग "थांबा", आणि मग मूळ उत्तर. चहाच्या वेळी माझा प्रयोग ठरलेला.

"सर, जेवलात का?" कुणीतरी विचारायचं.

मी सरांच्या आवाजात: "हं… … थांबा. … हो."

सगळ्यात जास्त सर हसायचे. आवाज न करता, नुसते खांदे हलायचे. डोळे पुसून म्हणायचे, "अहिरे, पुन्हा करा."

त्याच सरांनी होस्टिंग कंपनीशी एक पद्धत ठरवून घेतली होती. आमच्या खात्यांवर परवानग्या बदलायच्या असतील तर मेलवर नाही, चॅटवर नाही. सरांनी स्वतः फोन करायचा, आणि तिकडच्या सपोर्टच्या विवेकनं आवाज ओळखून काम करायचं. "मेल कुणीही लिहील," सर म्हणायचे, "पासवर्ड कुणीही चोरील. माझा आवाज कोण चोरणार?"

हे बोलताना मी त्यांच्या मागंच कप घेऊन उभा होतो. तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही, शपथ.

आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे मुलींचं वसतिगृह. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवरून मुली दहावी करून नाशिकला शिकायला येतात, त्यांच्या राहण्याची सोय. रेक्टर पवार मॅडम. त्यांचा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म मी बनवला होता. फोटो, मार्कशीट, जातीचा दाखला, आधार, सगळं मुलीनं मोबाइलवरून नाहीतर सायबर कॅफेतून चढवायचं.

फॉर्म माझा, पण सामान कुठं पडेल ते सरांनी ठरवलं. चढवलेली फाइल एका फोल्डरमध्ये येणार, त्याचं नावच त्यांनी 'काउंटर' ठेवलं. दर दहा मिनिटांनी एक छोटा प्रोग्रॅम येणार, तिथले फोटो आणि दाखले उचलणार आणि आत, बाहेरून पोचताच येणार नाही अशा कपाटात नेऊन ठेवणार. शिवाय वरच्या फोल्डरमध्ये त्यांनी सर्व्हरसाठी एक सूचना लिहून ठेवली, काउंटरवर आलेली कुठलीही फाइल चालवायची नाही.

मी म्हटलं, "सर, मुलींचे फोटो येणार. फोटो काय चालणारे?"

सर म्हणाले, "फोटो येणार असं तुम्हाला वाटतंय."

जूनमध्ये सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. गुरुवारी ऑपरेशन, बुधवारी संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, "मी चार-पाच दिवस नाही. रोज सकाळी काउंटर बघायचं. रिकामं पाहिजे. एवढंच." मी त्यांच्याच आवाजात म्हटलं, "हं… थांबा. बघतो." खांदे हलले. गेले.

गुरुवारी होस्टिंगवाल्यांनी आमच्या साइटी जुन्या मशिनवरून नव्या मशिनवर हलवल्या. शुक्रवारी दुपारी एकला पवार मॅडमचा फोन.

"अरे बाबा, फोटो चढंना. कुणाचाच चढंना. आज शेवटचा दिवस आहे. पाचला फॉर्म बंद होतो, संस्थेचा नियम आहे, माझ्या हातात नाही. पेठला कॅफेत पोरी सकाळपासून बसल्यात. एक तर तीन तास चालून आली. फॉर्म नाही गेला तर ती पोरगी परत घरी जाईल, आणि एकदा घरी गेली की मला माहितीये पुढं काय होतं. लगीन होतं."

मी फॉर्म उघडून बघितला. संदेश येत होता की फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. इंटरनेटला विचारलं, इंटरनेट नेहमीप्रमाणे म्हणालं, सात-सात-सात करा. पण माझ्या लॉगिनला तेवढा अधिकार सरांनी ठेवलेलाच नव्हता. वैशालीताई मुंबईला मीटिंगमध्ये, फोन उचलेनात. सरांना लावला. काकूंनी घेतला.

"पट्टी आहे रे डोळ्याला. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. उठवू का? अर्जंट आहे का काही?"

आणि मी म्हटलं, "नाही काकू. सहज."

का म्हटलं? आता विचाराल तर वाटतं, आजारी माणसाला कशाला त्रास, असं. पण खरं सांगायचं तर मला माहीत होतं, सर हे करू देणार नाहीत. तेवढ्यात पवार मॅडमचा दुसरा फोन आला, मागं कॅफेतल्या पोरींचा गलका ऐकू येत होता. दोन वाजायला आले होते. मी ऑफिसच्या फोनवरून होस्टिंगला नंबर फिरवला. विवेकनं उचलला.

"हं… …" मी म्हटलं. "रुको."

"नमस्ते गांगुर्डे सर. आँख का ऑपरेशन था ना आपका?"

"हो गया. ऐसा करो. होस्टेल का जो काउंटर फोल्डर है… उसको… सात-सात-सात करो."

"सर, सात-सात-सात? आप बोल रहे हो?"

मी सरांपेक्षाही मोठा गॅप घेतला. "हं. थोडी देर के वास्ते."

"ठीक है सर. आप बोल रहे हो तो."

झालं. फॉर्म धडाधड जायला लागले. पाच वाजता पवार मॅडमचा फोन. "सगळ्या पोरींचे गेले रे. ती चालत आलेली पण. गांगुर्डे सरांना सांग, लय उपकार झाले." मी कॉलर ताठ करून घरी गेलो. आईचा फोन आला, "काय करी राहिना?" मी म्हटलं, पुण्य.

थोडी देर के वास्ते म्हटलेलं मी विसरलो. शनिवारी काउंटर बघितलं नाही. रविवारी सुट्टी.

सोमवारी सकाळी बघितलं. काउंटर रिकामं नव्हतं.

एकच फाइल होती. प्रोग्रॅमनं फोटो आणि दाखले उचलून नेलेले, ही एकटी मागं राहिलेली, खिळ्यावर बिल्ला राहावा तशी. नावाच्या शेवटी डॉट पीएचपी. फोटोचं नाव असं नसतं. हा प्रोग्रॅम होता. चालला तर बाहेर बसलेल्या कुणालाही आमच्या खात्याच्या आत घेऊन येणारा. मालकाच्या रकान्यात आमचं नाव नाही, त्याच मशिनवरच्या कुठल्यातरी भलत्याच खात्याचं. शेजारच्या पेटीतून हात आला होता.

त्या मुलींचे आधार, पाड्याचे पत्ते, आयांचे मोबाइल नंबर, सगळं आत. ब्राउझरमध्ये त्या फाइलचा पत्ता टाकला, तर मनाईचा संदेश आला. हे चांगलं की वाईट तेही कळेना. लॅपटॉप पिशवीत टाकला आणि गाडी ओझरकडं काढली. वाटेत मी एकही आवाज काढला नाही. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच.

सर ओट्यावर बसले होते, डोळ्याला मोठा काळा चष्मा. काकू पेपर वाचून दाखवत होत्या आणि सर मधे मधे, "थांबा, ती बातमी पुन्हा," म्हणत होते.

"कोण?"

"मी सर."

"हं… नाव सांगा. पूर्ण." आणि खांदे हलले.

"सागर भाऊसाहेब अहिरे," मी म्हटलं. माझा आवाज ऐकूनच खांदे थांबले.

मी सगळं सांगितलं. सात-सात-सात सांगितलं, शनिवार-रविवार सांगितला, विवेक आणि मी काढलेला आवाज पण सांगितला. काकूंनी पेपरची घडी घातली.

"मशिन उघडा," सर म्हणाले. "मला स्क्रीन बघायची नाहीये, डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही वाचा. त्या फाइलला हात लावू नका. तिची वेळ वाचा."

"शनिवार, दुपार."

"फॉर्म बंद कधी झाला?"

"शुक्रवारी पाचला."

"म्हणजे ती आली तेव्हा काउंटरवर दुसरं काही नव्हतं. बरं. ती फाइल उघडायचा प्रयत्न कुणी केला? नोंदवही वाचा."

सर्व्हरच्या नोंदी मी एकेक वाचायला लागलो. शनिवारपासून कुणीतरी बाहेरून ती फाइल मागत होतं. दर वेळी शेवटी एक आकडा.

"चारशे तीन," मी वाचलं. "चारशे तीन. चारशे तीन. चारशे तीन…"

"सगळे?"

"सगळे. शेवटचा मी आहे सर, आज सकाळी."

"चारशे तीन म्हणजे दार वाजवलं, उघडलं नाही. आतलं कपाट बघा. फॉर्म किती आले, आत मुलींची पुडकी किती आहेत?"

मी मोजलं. परत मोजलं. जुळत होतं. एकही परकं नाव नाही, एकाही फाइलची वेळ बदललेली नाही. मी "फोटो काय चालणारे" म्हणून हसलो होतो ना, तीच एका ओळीची सूचना वरच्या फोल्डरमध्ये तीन दिवस एकटी उभी होती.

सरांनी पाठ भिंतीला टेकवली. इतका वेळ ती टेकलेली नव्हती हे मला तेव्हा कळलं. "चहा टाका," ते काकूंना म्हणाले, आणि मला, "फोन लावा विवेकला."

मी सरांचा मोबाइल स्पीकरवर लावला.

"हं… रुको. विवेक, मैं गांगुर्डे. शुक्रवार को आपने जो सात-सात-सात किया, वो मैंने नहीं बोला था."

"तो किसने बोला सर?"

"हमारे ऑफिस का एक आदमी है."

"लेकिन आवाज़ तो आपकी थी."

"हं… थी."

विवेक अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, बुरा मत मानना. तो अभी जो बोल रहा है, वो आप हो कि वो आदमी है?"

सरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "थांबा… रुको."

"'रुको' तो वो भी बोला था सर."

काळा चष्मा माझ्याकडं वळला. आता काय करायचं, असं म्हणत असावा. माणूस खरा, आवाज खरा, काम खरं, आणि सिद्ध काही करता येईना. शेवटी विवेकलाच सुचलं. तो म्हणाला, मी फोन ठेवतो, आमच्याकडं नोंदवलेल्या नंबरवर मीच उलटा फोन करतो. मिनिटभरानं सरांच्या हातातला मोबाइल वाजला.

"पूरा नाम बताइए," विवेक म्हणाला.

सरांचा चेहरा असा काही उजळला, की काळा चष्मा उतरला असं वाटावं. "निवृत्ती पुंजा गांगुर्डे," त्यांनी एकेक अक्षर ठासून सांगितलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना विचारलं, आज जाळीच्या बाहेर उभं राहून स्वतः सांगितलं.

विवेकनं बघितलं तर मूळ भानगड एवढीच निघाली, की नव्या मशिनवर हलवताना काउंटर फोल्डरचा मालक बदलला होता. त्यानं मालक परत आमचा केला आणि आकडा सात-शून्य-शून्य. दोन मिनिटांचं काम. मी ओट्यावरूनच बंद झालेला फॉर्म मिनिटभर उघडला, एक खोटा भरून बघितला, फोटो चढला, दहा मिनिटांनी आत गेला. ती परकी फाइल विवेकनं तपासायला उचलून नेली, आणि ज्या खात्यातून ती आली ते बंद ठेवलं. काउंटर रिकामं.

काकूंनी चहा आणि पोहे आणले. मी तीन दिवसांनी जेवल्यासारखे पोहे खाल्ले. अंग इतकं हलकं झालं होतं की तोंड आपोआप सुटलं.

"वाचलो सर," मी म्हटलं.

"कोण वाचलं?"

मी हसलो. सर हसले नाहीत.

"तू वाचलास," सर म्हणाले.

तू. कुत्र्यालाही तुम्ही म्हणणारा माणूस. माझा पोह्यांचा चमचा तिथंच राहिला.

"शुक्रवारी दोन ते पाच. प्रत्येक पोरीचा दाखला दहा-दहा मिनिटं उघड्यावर पडला होता. त्या मशिनवरचा कुणीही तो वाचू शकत होता, आणि त्याची नोंद कुठंच होत नाही. कुणी वाचला नसेल. नसेल. पण हे तुला माहीत नाही आणि मलाही नाही. आणि तू म्हणतोस वाचलो."

"सर, पण पोरींचे फॉर्म—"

"मला उठवलं असतंस तर पाच मिनिटांत गेले असते. मालक बदललाय एवढं विवेकला सांगायचं होतं. डोळ्याला पट्टी होती, तोंडाला नव्हती. काकूला काय म्हणालास तू? सहज."

काकू आत निघून गेल्या.

"फोल्डर उघडा टाकलास ते मी समजू शकतो. नवीन माणूस घाबरतो, सगळेच एकदा करतात. माझा आवाज हीच किल्ली ठेवली, ही चूक माझी, ती आज बदलली. पण रोज चहाला माझा आवाज काढायचास, मी हसायचो. पुन्हा करा म्हणायचो. का? माझ्यासमोर काढत होतास म्हणून. तो तुला ऐकायला दिला होता मी. माझ्या मागं वापरायला दिला नव्हता."

मी खाली बघत होतो. माझ्याकडं हेडमास्तरांचा आवाज होता, वैशालीताईंचा होता, विवेकचासुद्धा जमायला लागला होता. त्यातला एकही कामाचा नव्हता.

"आता पवार मॅडमना फोन लाव. इथं, माझ्यासमोर. कुलूप किती वेळ काढून ठेवलं होतं ते सांग. मुलींच्या घरी कळवायचं की नाही ते त्या ठरवतील. तू नाही, मी नाही."

मी सरांच्या मोबाइलवरून नंबर लावला. सरांनी खूण केली, स्पीकर. रिंग वाजत होती. सरांनी चष्मा नाकावर घट्ट केला, हात मांडीवर ठेवले आणि खिडकीत बसल्यासारखे ताठ बसले.

"हॅलो," पवार मॅडम म्हणाल्या, "गांगुर्डे सर का? बोला सर."

मी घसा साफ केला. सवयीनं आधी "हं" निघालं.

"ते नाही," सर कडक आवाजात म्हणाले. "नाव सांग. पूर्ण."